गोळ्या चालू असताना रक्तपेशींत उरलेला एचआयव्ही कसा मोजावा

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) असं छापून आलं की पेशंटचा चेहरा उजळतो, आणि उजळायलाच हवा. औषध काम करतंय, आणि गोळ्या न चुकवता व्हायरल लोड असाच दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण ही तपासणी प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाची असते. पेशीच्या आत शिरून तिच्याच डीएनएत बसलेला विषाणू या तपासणीत येत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू परत उसळतो, तो याच पेशींमधून.

मी कोकणपट्टीवरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत रक्तातून पेशी वेगळ्या करून गोठवण्याचं काम करते. नमुना हजारो बारीक थेंबांत विभागून डीएनएच्या प्रती मोजणारं ड्रॉपलेट पीसीआरचं मशीन आमच्याकडे नाही. त्यासाठी नमुने घेऊन घाट चढावा लागतो, आणि तिथल्या प्लेट (नमुने घालायचे छोटे खळगे असलेली ताटं) मी स्वतः लावते. एमएस्सी किंवा डीएमएलटी करून नव्याने या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. छापील प्रोटोकॉल तुमच्याकडे असेलच. त्यात नसतं ते जास्त सांगते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते: नाव ‘विषाणूची मोजणी’ असलं तरी आकडा बहुतेक वेळा बिघडतो तो पेशींच्या मोजणीत. ‘दहा लाख पेशींमागे इतके’ असं उत्तर आपण देतो. त्यातले वरचे ‘इतके’ मशीन सांगतं. खालचे दहा लाख खरे आहेत की नाहीत, हे तुमच्या हातांवर आहे.

आधी ठरवा, काय मोजायचंय

एका खलाशी काकांनी मला विचारलं होतं, “बाय, माझो रिपोर्ट साफ इलो ना? मगे परत रगात कित्या घेतास?” मी त्यांना उलट विचारलं, “काकांनू, कणगीतला सगळा भात रुजता काय?” ते म्हणाले, “नाय गो, पोचट कसा रुजतला?” पुढचं समजावणं सोपं झालं.

बियाण्याचे नुसते दाणे मोजले तर भरलेले आणि पोचट दोन्ही मोजले जातात. एकूण एचआयव्ही डीएनएची पीसीआर हेच करते. ती स्वस्त आहे, थोड्या रक्तात होते, पण तिच्यात सापडणाऱ्या प्रतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तुटक्या किंवा बिघडलेल्या असतात. त्यांच्यापासून नवा विषाणू तयार होत नाही.

बियाणं मिठाच्या पाण्यात टाकलं की पोचट वर तरंगतं. त्याच्या जवळ जाणारी तपासणी म्हणजे आयपीडीए, विषाणूच्या अखंड डीएनए प्रतींची मोजणी. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विषाणूच्या जनुकसाखळीत एकमेकांपासून लांब असलेल्या दोन जागा, एक सुरुवातीजवळची ‘साय’ (Ψ) आणि दुसरी ‘एन्व्ह’, एकाच थेंबात दोन रंगांनी उजळल्या तर ती प्रत बहुधा अखंड आहे असं धरायचं. ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका, कारण दोन जागा शाबूत असून मधे बिघाड असू शकतो.

तिसरी रीत म्हणजे पेरूनच बघणं. क्यूव्हीओएत, म्हणजे विषाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत, झोपलेल्या सीडी४ पेशींना (एचआयव्ही लपतो त्या पांढऱ्या पेशींना) जागं करतात, त्यांच्यासोबत निरोगी माणसाच्या पेशी वाढवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी विषाणूचं पी२४ प्रथिन दिसतं का ते बघतात. यात जे उगवतं ते नक्की जिवंत. पण शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त, बीएसएल-३ ची, म्हणजे कडक जैवसुरक्षेची खोली आणि महिनाभराची मेहनत लागते. शिवाय एकदा जागं केल्यावर सगळ्याच धडधाकट प्रती उगवतात असं नाही, त्यामुळे हा आकडा लपलेल्या विषाणूचा खरा साठा कमीच दाखवतो. अंदाज यावा म्हणून सांगते: क्यूव्हीओएत दहा लाख विश्रांतीतल्या सीडी४ पेशींमागे साधारण एक सापडते, आयपीडीएत दहा-वीसपासून शेकड्यापर्यंत, आणि एकूण डीएनए शेकड्यांत किंवा हजारांत. त्यामुळे एका रीतीचा आकडा दुसऱ्या रीतीच्या आकड्याशेजारी ठेवून ‘कमी झाला’ म्हणता येत नाही.

आमच्यासारख्या ठिकाणी एकूण डीएनए आणि आयपीडीए या दोनच गोष्टी पेलतात. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे.

कुणाचं रक्त, कधी

किमान वर्षभर एकच उपचार चालू असावा आणि निदान दोन वेळचे व्हायरल लोड दबलेले असावेत. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत आकडा झपाट्याने उतरतो आणि मग त्याचा वेग मंदावतो. उतरणीवरचा आणि पठारावरचा नमुना एकाच रांगेत बसवला तर निष्कर्ष चुकतो. ताप, नुकतीच घेतलेली लस, चालू असलेली टीबीची औषधं या सगळ्याची नोंद करा. तापात रक्तातल्या पेशींचं प्रमाणच बदललेलं असतं, तेव्हा शक्य असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

बोटीवर जाणाऱ्यांना जून-जुलैत बोलवा. मासेमारी बंद असते आणि माणूस घरी असतो. अडचण एवढीच की तेच दिवस दरडींचे. घाटरस्ता बंद होऊ शकतो, म्हणून त्या महिन्यांत ताजं रक्त वर पाठवायचा विचारही करू नका. पेशी इथेच वेगळ्या करून गोठवा आणि उघडीप मिळाली की न्या. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी आपलं रक्त इथे द्यायला तयार असतात, पण त्यांचे जुने रिपोर्ट मुंबईच्या केंद्रावर असतात. ते हातात आल्याशिवाय सुई लावू नका.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे क्षणभरही विसरू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. पण कायदा मोडायला तोंडच उघडावं लागतं असं नाही. ट्यूबवरचं आडनाव, पेटीवरचा एक शब्द, रिक्षा स्टँडवर घेतलेला फोन एवढं पुरतं. ट्यूबवर फक्त कोड लिहा. कोड आणि नाव जोडणारी वही कुलपात ठेवा. पेशंटला कुठल्या वेळी फोन करायचा हे त्यालाच विचारून लिहून घ्या.

संमती घेताना स्पष्ट सांगा की या तपासणीवरून औषध बदलणार नाही आणि बंद तर मुळीच होणार नाही. ही संशोधनाची मोजणी आहे. आकडा कमी आला म्हणून गोळ्या सोडायच्या असं कुणी समजून बसलं, तर आपण त्या माणसाचं नुकसान केलं. हे वाक्य मी दोनदा सांगते आणि मग त्यांच्या तोंडून परत ऐकते.

रक्त काढणं आणि आणणं

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ३० ते ४० मिलिलिटर. हेपॅरिनची हिरवी ट्यूब नको, हेपॅरिन पीसीआरला अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, हलवून फेस आणू नका. सहा तासांत, फार तर आठ तासांत काम सुरू झालं पाहिजे.

आणि बर्फ नको. आमच्याकडे थर्माकोलची पेटी दिसली की माणूस सवयीने त्यात बर्फ घालतो. बंदरावर पेटी असते ती मासळीसाठीच. ड्रायव्हरने आपुलकीने घातलेला बर्फ अख्खा नमुना बिघडवू शकतो, कारण गार झालेल्या रक्तातून पेशी नीट वेगळ्या होत नाहीत. पेटीत १८ ते २५ अंश राहिले पाहिजेत. मे महिन्यात बंद गाडीत ते आपोआप राहत नाहीत, म्हणून वीस अंशांच्या आसपास वितळणारे जेल पॅक वापरा आणि आत थर्मामीटर ठेवा. रक्ताची ट्यूब, तिच्याभोवती शोषक कापूस, गळती न होणारा डबा आणि बाहेरची पेटी अशी तिहेरी बांधणी करून यूएन ३३७३ चं लेबल लावा. त्या लेबलवर रोगाचं नाव नसतं, तेही बरंच आहे.

आठ तासांचा हट्ट मी का धरते ते सांगते. रक्त शिळं झालं की ग्रॅन्युलोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते आणि ज्या पांढऱ्या थरातून, म्हणजे कडीतून, आपण लिम्फोसाइट (सीडी४ याच जातीतल्या) उचलणार तिच्यात त्या घुसतात. त्यांच्यात एचआयव्ही नसतो, डीएनए मात्र असतो. म्हणजे खालची संख्या फुगते आणि आकडा खोटाच कमी येतो. उपचाराने साठा घटला असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त गाडी उशिरा आलेली असते.

पांढरी कडी

बायोसेफ्टी कॅबिनेट, दोन ग्लोव्ह्ज, काचेची वस्तू शून्य. सुई किंवा धार लागली तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. प्रतिबंधक औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो. कोर्स २८ दिवसांचा. जवळच्या केंद्राचा नंबर भिंतीवर लावून ठेवा.

फिकॉलची, म्हणजे पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या द्रावणाची बाटली तासभर आधी फ्रीजबाहेर काढा. त्याची १.०७७ ही घनता खोलीच्या तापमानाला धरलेली असते. बाटली गार असली तर लाल पेशी पूर्ण खाली बसत नाहीत. खोली फार तापलेली असली तर पेशी कमी हाती लागतात. एसी फक्त मशीनच्या सोयीसाठी नसतो.

रक्त तेवढ्याच पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खाऱ्या द्रावणात, पातळ करा. पन्नासच्या ट्यूबमध्ये १५ मिलिलिटर फिकॉल घ्या. ट्यूब तिरपी धरा, पिपेटचं टोक ट्यूबच्या भिंतीला टेकवा आणि पातळ केलेलं रक्त, साधारण ३० मिलिलिटर, कडेकडेने ओघळू द्या. सुरुवातीचे चार-पाच मिलिलिटर सगळ्यात सावकाश. तो पहिला थर मोडला नाही तर पुढचं रक्त त्याच्यावर आपोआप पसरतं. ट्यूब सरळ केल्यावर लाल आणि पारदर्शक थरांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसली पाहिजे. धूसर दिसत असेल तर ती ट्यूब वेगळी नोंदवा.

४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. जी आणि आरपीएम यांची गल्लत करू नका. रोटरची त्रिज्या १७ सेंटिमीटर असेल तर ४०० जी म्हणजे साधारण १,४५० आरपीएम. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रोटरला हा आकडा लागू नाही. मधेच वीज गेली तर झाकण उघडून ट्यूब उचलू नका. वीज आली की उरलेला वेळ पूर्ण करा आणि वहीत लिहा. पावसाळ्यात सेंट्रिफ्यूज यूपीएसवरच हवं.

बाहेर काढल्यावर वर पिवळा प्लाझ्मा, त्याखाली पातळ पांढुरकी कडी, मग स्वच्छ फिकॉल आणि तळाशी लाल थर. आपल्याला ती कडी हवी. वरचा बराचसा प्लाझ्मा आधी काढून टाका. मग पिपेटचं टोक कडीच्या पातळीवर ट्यूबच्या भिंतीला टेकवून गोल फिरवत ओढा. हात वर गेला तर प्लेटलेट येतात, खाली गेला तर फिकॉल आणि त्याबरोबर ग्रॅन्युलोसाइट. कडी संपली की थांबा. शेवटच्या थेंबासाठी खाली जाणारे हात मी पुष्कळ पाहिलेत, त्या थेंबात मिळतं त्याहून जास्त बिघडतं. पीबीएसने दोनदा धुवा: पहिल्यांदा ३०० जी, दहा मिनिटं, दुसऱ्यांदा २०० जी, म्हणजे प्लेटलेट वरच राहतात.

मोजणी ट्रिपॅन ब्ल्यू रंग आणि हिमोसायटोमीटरच्या चौकोनी जाळीने. चार कोपऱ्यांची सरासरी, गुणिले दहा हजार, गुणिले पातळीकरण. सरासरी ६० आणि निम्मं पातळ केलं असेल तर मिलिलिटरला १२ लाख. निळ्या म्हणजे मेलेल्या पेशी दहा टक्क्यांच्या आत हव्यात. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा ते वीस लाख पेशी मिळतात. त्याहून फारच जास्त मिळाल्या तर खूश होऊ नका, ग्रॅन्युलोसाइट शिरले असतील. त्याच दिवशी फ्लो सायटोमीटरवर (पेशींच्या जाती मोजणाऱ्या मशीनवर) सीडी४ चं प्रमाण काढा. निगेटिव्ह सिलेक्शनने, म्हणजे बाकीच्या पेशी काढून टाकून, सीडी४ वेगळ्या करणार असाल तर शुद्धता ९० टक्क्यांच्या वर आहे ना, ते पाहा. हे प्रमाण नसेल तर नंतर दोन माणसांची तुलना होत नाही. एकाच्या पेशींत सीडी४ वीस टक्के असतील, दुसऱ्याच्या चाळीस.

गोठवणं

नव्वद टक्के सीरम, दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य), कुपीत एक कोटी पेशी. डीएमएसओ लागला की कुप्या लगेच आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात घालून उणे ८० मध्ये ठेवा, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने उतरतात. पुढे द्रव नायट्रोजन. फक्त डीएनएसाठी पन्नास लाख पेशींच्या कोरड्या गोळ्या करून उणे ८० ला ठेवल्या तरी चालतं.

वीज हा आमच्याकडचा खरा शत्रू. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ वादळांनंतर कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जनरेटरचं डिझेल मे संपायच्या आत भरा. प्रत्येक पेशंटच्या कुप्या दोन वेगळ्या जागी विभागून ठेवा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन तालुक्यापर्यंत येतोच, त्या पुरवठ्याची ओळख ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते आठवून फ्रीझरची जागा ठरवा. आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फ्रीझरबाहेर आलेल्या कुपीवर मिनिटभरात पाणी धरतं, साधं लेबल सुटून येतं. नायट्रोजनला टिकणारं लेबल लावा आणि कोड झाकणावरही लिहा.

डीएनए आणि प्लेट

एका मानवी पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एका मायक्रोग्रॅममध्ये दीड लाख पेशींचा. काढताना व्होर्टेक्सवर घुसळणं नको, बारीक टोकाच्या पिपेटने वरखाली ओढणं नको, पुन्हा पुन्हा गोठवणं नको. आयपीडीएत साय आणि एन्व्ह हजारो बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) अंतरावर आहेत. मधे धागा तुटला तर अखंड प्रत दोन तुटक्या म्हणून मोजली जाते. हे तुटणं किती झालं ते कळावं म्हणून मानवी आरपीपी३० जनुकावर तेवढ्याच अंतराच्या दोन जागा मोजतात. ३० टक्क्यांच्या आसपास तुटणं नेहमीचं आहे. ४० च्या वर गेलं तर मी तो डीएनए बाजूला ठेवते आणि दुसऱ्या कुपीतून पुन्हा काढते.

प्रायमरबद्दल, म्हणजे विषाणूची ठरलेली जागा पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांबद्दल, आपल्याला विशेष जपावं लागतं. मूळ आयपीडीए विषाणूच्या सबटाइप (उपप्रकार) बी साठी बांधलेली आहे, आणि भारतात सबटाइप सी चं प्राबल्य आहे. सी साठी जुळवलेले प्रायमर आणि प्रोबच (रंगाने उजळणारे तुकडे) वापरा. तरीही एखाद्याच्या विषाणूत नेमक्या त्या जागी बदल असू शकतो. एकूण डीएनए भरपूर, पण दोनपैकी एक रंग पूर्ण गायब, असं दिसलं तर तो साठा संपल्याचा पुरावा नाही, प्रोब जुळलेला नाही. त्या जागेचं सिक्वेन्सिंग करून घ्या.

मिश्रण एका खोलीत, डीएनए दुसऱ्या खोलीत, वाढवलेलं पीसीआरचं द्रव्य तिसरीकडे, आणि माणसाने उलट दिशेने फिरायचं नाही. प्रत्येक प्लेटवर नुसतं पाणी आणि निरोगी माणसाचा डीएनए हवाच. आपण लाखभर पेशींत चार-दोन प्रती शोधतोय, तेव्हा हवेतून आलेला एक तुकडासुद्धा निकाल फिरवतो. साध्या, थेंब न करणाऱ्या क्यूपीसीआरला प्रमाण म्हणून ८ई५ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एचआयव्ही असलेल्या) वापरत असाल तर सावध राहा. पेशीमागे एक प्रत असं पुस्तकात असतं, पण वाढवता वाढवता त्या विषाणू गमावतात.

आकडेमोड

एक उदाहरण करून बघा. आरपीपी३० साठी डीएनए शंभरपट पातळ केला. १६,००० थेंबांपैकी १५,००० रिकामे. रिकाम्यांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदललं की थेंबामागे ०.०६४५ प्रती, म्हणजे एकूण सुमारे १,०३३. गुणिले शंभर, भागिले दोन, कारण पेशीत हे जनुक दोनदा असतं. एका विहिरीत, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, सुमारे ५१,६०० पेशी. तेवढ्याच थेंबांच्या चार विहिरी एचआयव्हीला लावल्या, म्हणजे २,०६,५०० पेशी. त्यात दोन्ही रंगांचे थेंब मिळाले ९. दहा लाखांमागे साधारण ४४. तुटणं ३० टक्के, म्हणून ०.७ ने भागा: ६२.

आता ९ हा किती लहान आकडा आहे ते बघा. नऊ थेंबांची ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण ४ ते १७, म्हणजे उत्तर २८ ते ११८ च्या दरम्यान कुठेही. वर्षभराने याच माणसाचा आकडा ४० आला तर साठा घटला असं म्हणायला आधार नाही. तो आधार हवा असेल तर जास्त विहिरी लावा, जास्त पेशी घाला. दहा हजारांपेक्षा कमी थेंब मिळालेली विहीर धरू नका.

आणि शून्य आलं तर? शून्य लिहू नका. तीनला तपासलेल्या पेशींनी भागा. वरच्या उदाहरणात दहा लाखांमागे १४.५, तुटण्याची दुरुस्ती करून २१. रिपोर्टवर ‘२१ पेक्षा कमी’. अमेरिकेतल्या मिसिसिपीत जन्मल्यानंतर तीसेक तासांत औषध सुरू झालेलं एक बाळ होतं. औषध थांबल्यावर सत्तावीस महिने त्याच्या रक्तात वाढणारा विषाणू सापडला नाही, आणि २०१४ मध्ये तो परत आला. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी रक्तात साधारण दोनच टक्के असतात. बाकीच्या लसीका ग्रंथींत, आतड्यात. आपण चाळीस मिलिलिटर बघितलेलं असतं, माणूस नाही.

रिपोर्टवर आकड्यासोबत हे सगळं जाऊ द्या: कोणती रीत, किती पेशी तपासल्या, सीडी४ चं प्रमाण, तुटण्याची टक्केवारी, मर्यादा, रक्त काढल्यापासून किती तासांनी वेगळं केलं. पेशंटने विचारलं तर मी सांगते, “तुमच्या गोळ्या विषाणूला दाबून आहेत. पेशींत थोडा लपलेला आहे, सगळ्यांमध्येच असतो. किती आहे ते आम्ही शिकतोय.” आकडा हवाच असेल तर डॉक्टरांसमोर, त्याच्या मर्यादेसकट.

एका माणसाचे सगळ्या वर्षांचे नमुने शक्यतो एकाच प्लेटवर लावा. जमत नसेल तर पहिल्या वेळची एक कुपी राखून ठेवा आणि दुसऱ्या वेळच्या नमुन्याशेजारी ती पुन्हा लावा. जुन्या कुपीचा आकडा बदलला असेल, तर बदल प्लेटमधला आहे.